उंबरठ्याच्या आत आणि बाहेर

(जागतिक पर्यावरण दिनानिमित्त ५ जून २०२५ रोजी पुण्यातील एका मोहल्ल्याच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज गुरुवार आहे. परवा, शनिवारी, बकरी ईद. घरोघरी तयारी चालू आहे, तरी तुम्ही वेळ काढून आलात. मागच्या रांगेत भगिनी मोठ्या संख्येनं आहेत. पुढच्या वेळी खुर्च्या गोल मांडू, म्हणजे मागची रांगच राहणार नाही.

मला आयोजकांनी सांगितलं, ‘सर, पर्यावरणावर बोला.’ पर्यावरण म्हटलं की डोळ्यांसमोर वितळणारे हिमनग येतात, जंगलं येतात. तेही महत्त्वाचं आहे. पण मी आज आपल्या गल्लीच्या गटारापासून सुरुवात करणार आहे. कारण यंदा पाऊस मे महिन्यातच आला. २६ मे रोजी मान्सून मुंबई-पुण्यात पोहोचला, आणि नालेसफाई व्हायच्या आधीच नाले वाहू लागले. त्यात काय काय वाहत होतं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

आधी एक कबुली देतो. दहा वर्षांपूर्वी, २०१५ साली, रमजान जून-जुलैत, ऐन पावसाळ्यात आला होता. आपल्या गल्लीतल्या सामुदायिक इफ्तारीची जबाबदारी माझ्याकडे होती. रोज अडीचशे माणसं. शाळामास्तर असल्यामुळे व्यवस्था चोख ठेवायची सवय. मी थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास, वाट्या आणि चमचे यांची खोकीच्या खोकी आणून ठेवली. कुणाला भांडी घासायला नको, हा हेतू. हिशेब करा, माणशी चार वस्तू म्हणजे एका संध्याकाळी हजार वस्तू. खजूर, फळं, भजी खायला दहा मिनिटं लागायची, आणि मग ते सगळं गोळा करून कोपऱ्यावर ढीग. गाडी आली तर उचलायची, नाही आली तर वारा उचलायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री जोराचा पाऊस झाला. उताराच्या टोकाला आमची एक खाला राहायची. विधवा बाई, साड्यांना फॉल-पिको करून घर चालवायची. गटार तुंबलं आणि रात्री दोन वाजता पाणी तिच्या घरात शिरलं. गव्हाचं पोतं भिजलं, शिलाई मशीनची मोटर पाण्यात गेली. पहाटे सहरीनंतर आम्ही मदतीला धावलो. पाणी उपसताना घरात सगळीकडे आमचीच ताटं तरंगत होती, काहींना खजुराच्या बियासुद्धा चिकटलेल्या.

खाला रागावली नाही. एक ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘सर, इफ्तारीचा सवाब तुमच्या खात्यात गेला, आणि गाळ माझ्या घरात आला.’

मी तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. पण ‘दुसऱ्याला त्रास होणार नाही असं वागा’ या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मित्रांनो, आपली घरं स्वच्छ असतात. दोन खोल्यांचं घर असेल, पण फरशी लखलखीत. पाहुणा आला तर चप्पल बाहेर. वुजू, गुसल, कपड्यांची पाकी, सगळं आपण काटेकोर पाळतो. पण ही स्वच्छता उंबरठ्यापर्यंत येते आणि थांबते. उंबरठ्याच्या बाहेर आपण जे ढकलतो, ते कुठेतरी जातंच. उताराच्या टोकाला कुणाचं तरी घर असतंच.

पुणे शहराच्या उताराचं टोक कुठे होतं, ठाऊक आहे? उरुळी देवाची आणि फुरसुंगी. वर्षानुवर्षं या शहराचा कचरा त्या दोन गावांच्या हद्दीत नेऊन टाकला. विहिरींचं पाणी नासलं, माश्या, दुर्गंधी, वारंवार लागणाऱ्या आगी. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी पुन्हा गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. तेव्हा आपण म्हणत होतो, ‘काय हे गावकरी, अडवणूक करतात.’ पण त्या गावकऱ्यांचं म्हणणं आमच्या खालाच्या म्हणण्यापेक्षा वेगळं होतं का?

आता एक अवघड विषय. इथे बसलेले तरुण मला नेहमी विचारतात, ‘सर, आपल्या वस्त्यांना सगळे घाणेरड्या म्हणतात. पण घंटागाडी आपल्याकडे रोज येते का? झाडू मारणारे किती दिवसांनी दिसतात? मग दोष आमचा कसा?’

प्रश्न बरोबर आहे. दाट वस्ती, अरुंद गल्ली, सार्वजनिक नळ, जुनी गटारं, यांना आपली जात-धर्म कारण नाही. ज्या वस्तीकडे यंत्रणेचं लक्ष नाही, ती कुणाचीही असो, तिथे कचरा साठतोच. शिवाय मोठ्या बंगल्यात माणशी जेवढा कचरा होतो, तेवढा आपल्याकडे होत नाही. दर आठवड्याला दारात येणारी ऑनलाइन खरेदीची खोकी, प्रत्येक खोलीत एसी, माणशी एक गाडी, हे आपल्याला परवडतच नाही. त्यामुळे ‘ते लोक घाण करतात’ असं कुणी म्हटलं तर मान खाली घालायचं कारण नाही.

पण ‘आधी महापालिका सुधारू दे, मग आम्ही सुधारू’ हे म्हणणंही मला मान्य नाही. गटार तुंबल्यावर पाणी आयुक्तांच्या घरात शिरत नाही, खालाच्या घरात शिरतं. दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतील. एका हातात तक्रार अर्ज, दुसऱ्या हातात कचऱ्याचा डबा. मार्च २०२२ पासून काही वर्षं पुणे महापालिकेत प्रशासक होता, निवडून आलेले नगरसेवक नव्हते. म्हणजे ‘भाऊ, बघा जरा’ असं सांगायलाही कुणी नव्हतं. मग अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारायचं की आमच्या गल्लीत गाडीच्या किती फेऱ्या मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात किती होतात. आणि हा अर्ज देताना आपला कचरा वेगळा केलेला असेल, तर आपल्या शब्दाला वजन येतं.

आता सवयींकडे येतो. मी उपदेश करणार नाही, आम्ही काय केलं आणि कुठे चुकलो तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट भांड्यांची. खालाच्या घरात पाणी शिरल्यानंतर आम्ही हिशेब मांडला. टाकाऊ ताटं-वाट्यांवर रोजचे साधारण पंधराशे रुपये जात होते, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस हजार. अडीचशे माणसांचा स्टीलचा संच त्याहून कमी पैशात आला. पैशांची अडचण नव्हतीच. खरी अडचण घासणार कोण ही होती. पहिल्या बैठकीत एकजण सहज बोलून गेला, ‘बायका घासतील की.’ त्यावर एका मुलीनं विचारलं, ‘चाचा, रोजा बायकांनाही असतो ना?’ बैठक शांत झाली. मग ठरलं की ज्यानं खाल्लं त्यानं आपलं ताट धुवायचं. तीन टब ठेवले, एकात उष्टं काढायचं, दुसऱ्यात साबणाचं पाणी, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. वाहत्या नळाखाली घासण्यापेक्षा यात पाणी पुष्कळ कमी लागतं. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, काही ग्लास हरवले, दोन-तीन जण रुसून घरी जेवू लागले. दुसऱ्या आठवड्यापासून मोठमोठी माणसं बाह्या सरसावून ताट धुताना दिसू लागली. आज हा संच लग्नाला, अकिक्याला, मयतीच्या जेवणाला अनामत घेऊन दिला जातो. शेजारच्या वस्तीतले भाऊ भीमजयंतीला आणि गणपतीच्या महाप्रसादाला तोच संच नेतात आणि मोजून परत आणून देतात.

आणि हे आता फक्त चांगुलपणाचंही राहिलेलं नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरी आपल्या बाजारात त्या मिळतात आणि आपण घेतो. दुकानदाराला दोष देण्याआधी आपण मागणं थांबवू.

दुसरी गोष्ट पाण्याची. सुट्टीत आठवीतल्या तीन मुलांना घेऊन मी मशिदीत एक प्रयोग केला. नळाखाली बादली ठेवली. नळ पूर्ण सोडून एकानं वुजू केलं, बादलीत साडेसहा लिटर पाणी जमलं. त्याच मुलानं लोट्यानं वुजू केलं, दीड लिटरमध्ये झालं. फरक पाच लिटरचा. जुम्म्याला चारशे नमाजी येतात, म्हणजे एका दुपारी दोन हजार लिटर. आणि याच गल्लीत मे महिन्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते.

वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी वुजूला पाणी उधळू नका, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पैगंबर एक मुद्द पाण्यात, म्हणजे दोन्ही हातांच्या भरलेल्या ओंजळीएवढ्या पाण्यात, वुजू करत असं हदीसमध्ये येतं. ज्यांना धर्माच्या वाटेनं जायचं आहे त्यांना ही वाट मोकळी आहे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी भारताचं संविधान आहे. १९७६ साली संविधानात मूलभूत कर्तव्यं आली. अनुच्छेद ५१ क मध्ये नद्या, वनं, वन्यजीव यांचं रक्षण करणं आणि सजीवांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. आणि त्याच्या लगेच पुढचं कलम आहे वैज्ञानिक दृष्टिकोनाचं. मला हे शेजार फार आवडतं. बादली ठेवून पाणी मोजणाऱ्या त्या तीन मुलांनी दोन्ही कर्तव्यं एकदम पार पाडली.

मुलांच्या आकड्यांनंतर विश्वस्तांनी नळांना पाण्याची धार कमी करणाऱ्या जाळ्या बसवल्या. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते वेगळ्या पाइपनं काढून शेजारच्या कब्रस्तानातल्या झाडांना द्यायचं ठरलं आहे, काम अर्धं झालंय. आपल्यासारख्या दाट वस्तीत कब्रस्तान ही एकच मोकळी जागा उरली आहे. तिथे कडुनिंब, करंज जगवले तर सावली जिवंत माणसांनाच मिळणार आहे. फक्त एक विनंती. झाड लावतानाचा फोटो काढू नका, तीन उन्हाळे जगल्यावर काढा.

तिसरी गोष्ट कचरा वेगळा करण्याची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं ही प्रत्येक घराची जबाबदारी ठरवली. आपण सगळं एका काळ्या पिशवीत बांधतो. ती पिशवी पुढे कोण उघडतं? या शहरात ते काम बहुतांश बायका करतात, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या आहेत. त्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम हक्कानं करू लागली. आपल्या पिशवीतल्या फुटलेल्या काचेनं, ब्लेडनं त्यांचे हात कापतात. हाडं आणि उष्टं कागदाबरोबर कालवलं की त्यांची दिवसाची कमाई जाते, कारण ओला झालेला कागद विकत नाही.

म्हणून दोन डबे ठेवा. काच, ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल पेननं ठिपका काढा, म्हणजे ते उघडायची वेळ त्या बाईवर येत नाही. मी हे पुरुषांसमोर बोलतोय म्हणून काहींनी नजर वळवली. वळवू नका. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला आपल्याला लाज वाटते, ती कुणाच्या तरी मुलीला हातानं उचलावी लागते.

ज्यांना खत करायचं आहे त्यांनी रंगाची जुनी बादली घ्यावी, तिला भोकं पाडावीत. तळाला नारळाच्या शेंड्या, मग भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा, आणि प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा. आपल्या घरातलं मटण-मासळीचं उरलेलं, हाडं, तेलकट रस्सा यात टाकू नका, वास येतो आणि उंदीर येतात. मी पहिल्यांदा टाकलं होतं. बेगमनं बादलीसकट मला गच्चीवर पाठवलं.

आणि पाणी तापवायच्या बंबात प्लास्टिक जाळणं बंद करा. त्या धुरातून विषारी वायू निघतात आणि तो धूर आधी जाळणाऱ्या बाईच्या छातीत जातो, मग पाळण्यातल्या बाळाच्या.

आता ईदचं. दोन दिवसांवर आहे म्हणून नेमकं सांगतो. कुर्बानी परवानगी असलेल्या जागीच करा. रक्त आणि टाकाऊ भाग रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका. ती पावसाळी गटारं शुद्धीकरण केंद्रात जात नाहीत, सरळ नाल्यात आणि नाल्यातून मुठेत जातात. टाकाऊ भाग बंद पिंपात ठेवून महापालिकेच्या गाडीलाच द्या. आणि गोश्त वाटायला काळ्या पिशव्या नकोत. दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत त्याच पिशव्या उडत असतात. वाटायला जाताना डबा न्या, रिकामा करून परत आणा. पूर्वी असंच होतं. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात काहीतरी गोड घालून दिलं जायचं. पिशवी आली आणि तो डब्यांचा येणं-जाणंही बंद झालं.

शेवटी थोडं माझ्या घराबद्दल. मी पिंजाऱ्याचा मुलगा आहे. अब्बा धुनकी खांद्यावर टाकून पेठांमधून फिरायचे. दोन-तीन वर्षांनी लोक गादी उसवायचे, दबलेला कापूस अब्बांपुढे ठेवायचे. दिवसभर तारेचा आवाज चालायचा आणि संध्याकाळी तोच कापूस ढगासारखा फुललेला असायचा. पुन्हा त्याच खोळीत भरला की गादी नवी. अब्बा म्हणायचे, ‘जुनं टाकायचं नसतं बेटा, पिंजायचं असतं.’

आपल्या जमातींची नावं आठवा. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे आपण, कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारे शिकलगार आपण, पानं ओल्या फडक्यात गुंडाळून विकणारे तांबोळी आपण, भंगार गोळा करून, निवडून कारखान्यापर्यंत पोहोचवणारे आपण. आजही पंक्चर काढणारा, मिक्सर दुरुस्त करणारा, मोबाइल उघडून जिवंत करणारा पोरगा आपल्याच गल्लीत सापडतो. ‘टाकू नका, दुरुस्त करा, पुन्हा वापरा’ हे आता मोठमोठ्या परिषदांमध्ये सांगितलं जातं. आपल्या वाडवडिलांची चूलच त्यावर पेटत होती. गरिबीनं लावलेली सवय म्हणून आपल्याला तिची लाज वाटू लागली, आणि थोडे पैसे हातात येताच आपण ती सोडली. माझ्याही घरात आज फोमची गादी आहे. ती खराब झाली की पिंजता येत नाही, फक्त टाकता येते.

मी कुणाला गरिबीत परत जा म्हणत नाही. अब्बांच्या छातीत कापसाचे तंतू जाऊन त्यांना शेवटी दम्यानं गाठलं, ते मी विसरलेलो नाही. सोय हवी, आरोग्य हवं, हक्काची गाडी आणि हक्काचं पाणी हवं. पण वस्तूची कदर करायची ती नजर तेवढी सोडू नका.

आज इथून उठण्याआधी तीन गोष्टी ठरवू. शनिवारी एकही काळी पिशवी वाटपात नको. रविवारी सकाळी आठ वाजता गल्लीचं गटार साफ करायला प्रत्येक घरातून एक पुरुष. मी ‘पुरुष’ म्हटलं, नीट ऐका, बायकांचं काम आधीच चालू आहे. आणि सोमवारी लेखी अर्ज घेऊन पाच जण माझ्याबरोबर क्षेत्रीय कार्यालयात, त्यात दोन भगिनी असाव्यात असा माझा आग्रह आहे.

उताराच्या टोकाच्या त्या घरात आता खालाची सून राहते. तीच मशीन दुरुस्त करून ती अजून चालवते. रविवारचं काम आपण तिच्या दारापासून वर चढत सुरू करू.